रडवल्याशिवाय सही नाही

"कोन म्हनते?"

मॅडमचा दिवस या प्रश्नाने सुरू व्हायचा आणि आमचा याच प्रश्नाने नासायचा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचा, हनुवटी जराशी वर करायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत असं बघायचं, की त्याला स्वतःच्या नावाचीही खात्री वाटू नये. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, चार नंबरचा मॉनिटर व्यवस्थित चालू आहे," की "कोन म्हनते?" स्टोअरवाला म्हणाला, "नवीन केबल आली," की "कोन म्हनते?" एकदा मी सहज म्हणालो, आज उकाडा फार आहे. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरचं तापमापक उचलून वाचलं आणि मगच पदराने घाम पुसला.

ही हकीकत अमरावतीची, राजापेठेतल्या एका मध्यम खाजगी हॉस्पिटलातली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. मॅडमचंही सांगत नाही, कारण सांगितलं तर त्या मला विचारतील, तुले कोनं सांगतलं लिवाले. त्या तिथे बायोमेडिकल इंजिनिअर होत्या. आता हा काय प्रकार असतो, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटेल. तुम्ही कधी घरच्या माणसासाठी आयसीयूच्या बाहेर बसला असाल, काचेतून आत डोकावला असाल. पेशंट दिसतो, डॉक्टर दिसतात, सिस्टर दिसतात, यंत्रं दिसतात. त्या यंत्रांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, हातात वायरी घेऊन ओणवं झालेलं कोणीतरी असतं, ते मात्र दिसत नाही. ते आम्ही.

हॉस्पिटलातही आम्हाला कोणी धड ओळखत नसे. पंखा बंद पडला की आम्हाला हाक, लिफ्ट अडकली की आम्हाला हाक. एका बड्या सर्जनच्या घरून मॅडमकडे चक्क मिक्सर आला होता. मॅडमनी तो दुरुस्त केला नाही, पण उघडून पाहिला, आतली वायर कुठे कच्ची आहे ते चिठ्ठीवर लिहिलं आणि तसाच परत पाठवला. "उद्या त्यायच्या बाईले झटका बसला त मी सांगतलं नाई असं नको," त्या म्हणाल्या. सर्जनसाहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मॅडम मूळच्या शेंदूरजनाघाटच्या. वडिलांचा संत्र्याचा बगीचा होता, आणि या संशयाचं मूळ मला वाटतं त्या बगीच्यातच आहे. लहानपणी त्या वडिलांसोबत मंडीत जायच्या. पेटीत वरचा थर टपोऱ्या, चकचकीत फळांचा आणि खाली बारका माल, हे त्यांनी तिथेच पाहिलं. कोणी विकणारा वरचं फळ हातात घेऊन भाव बोलू लागला की वडील त्याची पेटीच उलटी करायचे. "मशीन असो का मानूस," मॅडम म्हणायच्या, "वरचा थर सगळेच चांगला लावते."

नागपूरहून कंपनीचे इंजिनिअर यायचे. गळ्यात टाय, पाठीवर बॅग. दुपारच्या जेवणाआधी दहा-बारा मशीनवर 'ओके'चे हिरवे स्टिकर चिकटवून ते परतीच्या गाडीला पळायचे. त्यांची पाठ वळली की मॅडम एकेक स्टिकर नखाने खरवडून काढायच्या आणि ते मशीन स्वतः पहिल्यापासून तपासायच्या. बहुतेक वेळा मशीन ठीकच निघायचं. मग त्या नवा स्टिकर लावून त्यावर आपली सही करायच्या. कंपनीने ओके म्हटलंय, मग हे दुहेरी काम कशाला, असं मॅनेजमेंटने विचारलं तेव्हा त्यांनी काय विचारलं असेल ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

मी अकोल्याचा, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातला. डिग्री हातात घेऊन मॅडमच्या खोलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी ती डिग्री उलटसुलट करून पाहिली, माझं नाव वाचलं आणि लगेच विसरल्या. "अकोल्याचा काय तू? बरं. अकोला, तो सिरिंज पंप पाय जरा." त्या दिवसापासून मी अकोला झालो.

सिरिंज पंप म्हणजे पेशंटच्या शिरेत औषध थेंबाथेंबाने सोडणारं छोटं यंत्र. मी ते मन लावून तपासलं. औषधाचा वेग मोजला, बॅटरी पाहिली, वायर पाहिली. सगळं चोख होतं. मी मोठ्या ऐटीत पंप त्यांच्यापुढे ठेवला.

"रडवलं काय?" मॅडमनी विचारलं.

मला काही कळलं नाही. त्यांनी पंपाची नळी दोन बोटांत चिमटीत दाबून धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट हवेत उभं केलं. नळी अशी तुंबली की पंपाने कर्कश ओरडायला हवं. तो गप्प राहिला. मॅडम बोट वर धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग त्यांनी पंप उघडून दाखवला. आतल्या भोंग्याची वायर सकाळी त्यांनी स्वतःच काढून ठेवली होती.

"मशीन चालते का नाई, ते कोनालेबी दिसते," त्या म्हणाल्या. "पन बिघडल्यावर ते बोंबलते का नाई, ते पाह्याले आपन आहो. रडवल्याशिवाय सई नाई."

हा त्यांचा रिवाज. कोणतंही यंत्र वॉर्डात जाण्यापूर्वी त्याला रडवायचं. मॉनिटरची बोटाला लावायची क्लिप काढायची, व्हेंटिलेटरची नळी सोडायची, पंपाची नळी दाबायची, बोट वर करून उभं राहायचं. आवाज आला की बोट खाली, आणि मग सही. वॉर्डातल्या सिस्टर हसायच्या. मॅडम येऊन गेल्या की त्या म्हणायच्या, झाली का रडारड. पण मी पाहिलंय, ज्या सिस्टर दिवसा हसायच्या त्याच रात्रपाळीला जाताना मशीनवरची सही बघून घ्यायच्या.

तुम्हाला वाटेल, असा गुरू मिळायला भाग्य लागतं. मला तेव्हा तसं मुळीच वाटत नव्हतं. मॅडम हातात देतील त्या प्रत्येक यंत्रात त्यांनी काहीतरी खोडी करून ठेवली असणार, याच धास्तीत मी तिथली वर्षं काढली. कधी खोडी असायची, कधी नसायची, आणि नसायची तेव्हा मी जास्त घाबरायचो. चहात साखर कमी पडली तरी मला शंका यायची, की ही पण परीक्षा असेल.

मग प्रमाणपत्राची बातमी आली.

डॉक्टरांची नोंदणी असते, नर्सची असते, औषध विकणाऱ्याची असते. आमची काहीच नव्हती. कालपर्यंत एसी दुरुस्त करणारा आज व्हेंटिलेटर उघडून बसला तरी त्याला हटकणारं कोणी नव्हतं. आता एका देशपातळीवरच्या संस्थेने ठरवलं होतं, की हॉस्पिटलातल्या इंजिनिअरला रीतसर प्रमाणपत्र द्यायचं. लेखी परीक्षा, मग तोंडी परीक्षा, शिवाय ज्याने तुमचं काम डोळ्यांनी पाहिलंय अशा वरिष्ठाची शिफारस. तेही कायमचं नाही. काही वर्षांनी दुसऱ्या हॉस्पिटलातला प्रमाणपत्रधारक इंजिनिअर येऊन तुमचं काम पाहणार आणि त्याने लिहून दिलं तरच नूतनीकरण. आमच्या मॅनेजमेंटला हॉस्पिटलसाठी दर्जाची मान्यता मिळवायची होती. त्यांनी सांगून टाकलं, यापुढे आयसीयूच्या मशीनवर सही फक्त प्रमाणपत्रवाल्याचीच.

"आपल्याले जे तपासनार, त्यायले कोनं तपासलं?" मॅडमचा पहिला प्रश्न.

राजापेठेत शिकवण्यांच्या पाट्यांची गर्दी तुम्ही पाहिलीच असेल. तिथे थोड्याच दिवसांत पोलिस भरतीच्या पाटीखाली आणखी एक पाटी लागली: क्लिनिकल इंजिनिअर परीक्षा, खात्रीशीर तयारी. मॅडम मला घेऊन तिथे गेल्या. क्लासचे सर अदबीने उभे राहिले. मॅडमनी विचारलं, "व्हेंटिलेटर पाह्यला काय तुमी कधी?" सर म्हणाले, "नोट्समध्ये रंगीत फोटो आहे, मॅडम." जिना उतरून खाली आल्यावर मॅडमनी पाटीकडे पाहिलं आणि स्टिकर खरवडायचं आपलं नख अंगठ्यावर घासलं.

तरी त्या परीक्षेला बसल्या. नागपूरच्या केंद्रावर कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या पोरापोरींमध्ये सुती साडी नेसलेल्या मॅडम एकट्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चार पर्याय देते म्हने. मशीन देते काय चार पर्याय?" निकाल लागला, त्या पास झाल्या, आणि सगळ्या हॉस्पिटलने पेढे खाल्ले. मॅडमनी मात्र आधी संस्थेला फोन लावला. "माह्या नावाची दुसरी कोनी बाई त नाई ना बसली होती परीक्षेले?" पलीकडच्याने तीन-तीनदा खात्री दिली, तेव्हा कुठे त्यांनी पेढा तोंडात टाकला.

त्या सगळ्या योजनेत त्यांना एकच गोष्ट मनापासून पटली होती, ती म्हणजे प्रमाणपत्राची मुदत संपते ती. "एक डाव तपासलं का जलमभर ओके, असं मशीनचं नसते," त्या म्हणायच्या. "मंग मानसाचं काहून राहीन?"

आता माझी पाळी होती. अकोल्याच्या एका हॉस्पिटलात मला जागा मिळत होती. घर, आई, सगळं तिकडेच. अट एकच, प्रमाणपत्र हवं. मी लेखी पास झालो, तोंडी पास झालो, आणि मॅडमच्या शिफारशीपाशी अडकलो. रोज विचारायचो. रोज एकच उत्तर, "पाहू." एकदा चिडून म्हणालो, "मॅडम, इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर काम करतोय." त्या शांतपणे म्हणाल्या, "मी सई केली का तू माह्या भरोशावर मशीन सोडशीन. तिथी मी नसनार पाह्याले."

एक दिवस दुपारी ऑपरेशन थिएटरमधून मॉनिटर हवा म्हणून निरोप आला. सर्जन स्वतः दारात येऊन ओरडत होते. मॉनिटर नुकताच दुरुस्तीहून आला होता, मी त्याची क्लिप लावत होतो. मॅडम म्हणाल्या, "सोड, अकोला. वेळ नाई. मी पाहून घेईन."

मी म्हणालो, "रडवल्याशिवाय नाही सोडणार."

सर्जन मला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी क्लिप काढली, मॉनिटर रडला, मी सही केली आणि मॉनिटर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर शिफारसपत्र होतं, मॅडमच्या सहीचं. ती घाई खरी होती की मॅडमची आणखी एक खोडी, हे मी अनेकदा विचारलं. त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मी अकोल्याला आलो. सुरुवातीला फोन व्हायचे. नंतर नंतर मी फोन केला की मॅडम अर्ध्यातच म्हणायच्या, "फोनवर नको. इथी येऊन सांग." मला वाटलं, आता यांना फोनचाही संशय यायला लागला. हॉस्पिटलातली ओळखीची माणसं भेटली की तीही तक्रार करायची. मॅडम आता एकच गोष्ट दोनदा-दोनदा विचारतात, समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात, पाठीमागून कोणी बोललं तर उत्तरच देत नाहीत. वय झालं, संशय वाढला, असं सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं.

आणि मग मॅडमच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली. काम पाहायला बाहेरचा इंजिनिअर कोण हवा, या रकान्यात त्यांनी माझं नाव टाकलं. संस्थेकडून मला कळलं तेव्हा पहिला विचार आला तो हा, की यात काहीतरी डाव असणार.

मी सकाळच्या एसटीने अमरावतीला पोचलो. मॅडम खोलीच्या दारातच उभ्या होत्या. "आला काय, अकोला." चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, हनुवटी वर झाली. पण नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. म्हणजे डोळ्यांवरचा विश्वासही उडाला वाटतं, असं मी मनात म्हणालो आणि खुर्ची घेऊन बसलो.

त्यांचे हात पूर्वीसारखेच होते. व्हेंटिलेटर उघडला, पुसला, मोजमापं घेतली, नळी सोडली, बोट वर केलं. जाडा, घोगरा भोंगा वाजला आणि बोट खाली आलं. मग त्यांनी पेशंट मॉनिटर पुढे ओढला, क्लिप माझ्याच बोटाला लावली, आकडे जुळवून पाहिले आणि क्लिप काढली. बोट वर. पडद्यावरचा आकडा गेला, लाल दिवा लुकलुकू लागला.

"रडलं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्टिकरवर सही केली.

खोलीत चिटपाखराचाही आवाज नव्हता. बाहेरच्या स्ट्रेचरची चाकं ऐकू येत होती.

मला हसू आलं. एवढ्या वर्षांनीही तीच युक्ती. म्हणालो, "मॅडम, ओळखलं. भोंग्याची वायर काढून ठेवलीत ना?"

"कोन्ती वायर?"

"हा रडला नाही."

"कोन म्हनते?"

हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला होता. या वेळी त्या खरंच विचारत होत्या.

तरी माझा विश्वास बसेना. मॅडमना नाटक उत्तम येतं, हे मी चांगलंच भोगलं होतं. मी म्हटलं, आता आपणही एक खोडी करू. त्या पाठमोऱ्या होऊन मॉनिटरची बटणं दाबू लागल्या, तसा मी मागच्या फळीवरचा सिरिंज पंप सुरू केला आणि त्याची नळी दाबून धरली. पंप बारीक, तीक्ष्ण आवाजात किंचाळायला लागला. "आवाज त पुरा ठेवला हाय याचा," मॅडम बोलत होत्या, "परवाच पाह्यला मी." पंप किंचाळत होता. त्या मॉनिटरचं मागचं झाकण उघडत होत्या. शेवटी एक सिस्टर दारात येऊन कानावर हात ठेवून उभी राहिली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पंपाच्या लाल दिव्याकडे.

मी नळी सोडली. सिस्टर निघून गेली.

मला फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. जगात कशावर म्हणून विश्वास न ठेवणाऱ्या या बाईने आपल्याच कानांवर एवढा विश्वास कसा ठेवला? आणि या दोन्हींपेक्षा मोठी होती ती भीती. भिंतीपलीकडे आयसीयू होता, आणि तिथल्या प्रत्येक मशीनवर मॅडमची सही होती.

मॅडमनी स्टूल ओढलं आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"वाजव," त्या म्हणाल्या. "एकेक करून. कोन्तं ते सांगू नको."

त्यांनी बोट वर केलं. मी व्हेंटिलेटर रडवला. बोट खाली आलं. पुन्हा वर झालं. मी हृदयाला झटका देणारं यंत्र वाजवलं, त्याचा जाडा आवाजही त्यांना ऐकू आला. पुन्हा बोट वर. आता मी बारीक आवाजाच्या पंपाची नळी दाबली. बोट वरच राहिलं. त्यांच्या मानेवरची केसांची बारीक बट पंख्याच्या वाऱ्याने हलत होती आणि बोट तसंच उभं होतं.

"वाजवून राहिला काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल. "हो, मॅडम."

"कवापासून?"

"तुम्ही बोट वर केलंत तेव्हापासून."

त्यांनी बोट खाली घेतलं, पदर खोचला आणि त्या उठल्या. "चाल," म्हणाल्या. "वॉर्डात."

त्यानंतर आम्ही आयसीयूतलं एकेक मशीन पाहिलं. क्लिप काढायला, नळी दाबायला हात मॅडमचे, ऐकायला कान माझे. प्रत्येक वेळी त्या माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवली की पुढे. सिस्टरना काय चाललंय ते कळत नव्हतं. खिडकीजवळच्या बेडपाशी आलो तेव्हा एक सिस्टर कौतुकाने म्हणाली, "हा बेड सगळ्यात शांत आहे, मॅडम. आजोबांचा काही त्रास नाही."

मॅडमनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आजोबांच्या बोटाची क्लिप काढली. लाल दिवा लुकलुकला. मी मान हलवली नाही.

सिस्टरने धावत जाऊन दुसरा मॉनिटर आणला. आजोबा जागे झाले. "काय झालं, बाई?" त्यांनी विचारलं.

"काई नाई, बावाजी. मशीन बदलून राहिली."

"काहून? चांगलं गप पडून रायत होतं ते."

मॅडमनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग जुना मॉनिटर ढकलत बाहेर आणला, जिन्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यावरचा स्टिकर नखाने खरवडायला लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे स्टिकर असे सोललेल्या बाईला आपला स्वतःचा स्टिकर सोलताना मी पाहिलं. तो घट्ट चिकटला होता, त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही, त्यांनी करू दिली नसती.

खोलीत परत आल्यावर त्यांनी संस्थेचा कागद माझ्यापुढे सारला. मी पेन उघडलं आणि बंद केलं. म्हणालो, "मॅडम, कानाचं यंत्र मिळतं. तुमच्या हातासारखा हात पूर्ण वऱ्हाडात नाही. तेवढं एक सोडलं तर..."

"वरचा थर दाखवू नको मले."

मी पेन पुन्हा उघडलं.

"लिव. काम पक्कं, कान कच्चे. अलार्म तपासाले दुसरा मानूस पायजे."

"असं लिहिलं तर ते नूतनीकरण करणार नाहीत."

"त नाई करत." मग त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वर्षांनी थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं. "अकोला, मले दोन सालापासून डाऊट होता. मी मशीनचे भोंगे बदलले, आवाज वाढोला, सिस्टर लोकायले इचारलं. कान नाई तपासले. तुह्यं नाव काहून टाकलं मंग मी? दुसरा कोनी आला असता त त्यानं मले पाहून सई केली असती."

मी लिहिलं, शब्दाला शब्द, त्यांनी सांगितलं तसं. ओळी वाकड्यातिकड्या आल्या. त्यांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "अक्षर सुधार जरासं."

नूतनीकरण झालं नाही. मॅनेजमेंटने त्यांना खरेदी विभागात बसा म्हणून सांगितलं, पण सही नसलेल्या खुर्चीत त्या बसल्या नाहीत. कानाचं यंत्र मात्र घेतलं. ते लावून पहिल्यांदा हॉस्पिटलच्या अंगणात आल्या त्या दिवशी मीही अकोल्याहून आलो होतो. त्या कडुनिंबाखाली थांबल्या आणि मला म्हणाल्या, "या झाडावर येवढे पाखरं होते काय रे?" मी लगेच म्हणालो, आता तर सगळं ऐकू येतं, पुन्हा अर्ज करा. त्यांनी यंत्र कानातून काढून तळहातावर धरलं. "आता मी आयकून राहिली का हे आयकून राहिलं? याले कोनं रडवलं?" आणि त्या शेंदूरजनाघाटला भावाच्या बगीच्यात राहायला निघून गेल्या.

आता त्यांच्या खोलीत दुसरे इंजिनिअर बसतात. प्रमाणपत्रवाले आहेत, चांगले आहेत. हल्ली डिपार्टमेंटमध्ये फार शांतता असते, असं तिथले लोक मला सांगतात. मला त्या शांततेचा संशय येतो, पण बोलत नाही.

मॅडमचा फोन क्वचित येतो. फोनवर त्यांना अर्धंच कळतं, म्हणून बोलणं थोडक्यात असतं. परवा आला तेव्हा मी इथे अकोल्यात दुरुस्त झालेला एक सिरिंज पंप वॉर्डात पाठवायच्या तयारीत होतो.

"काय करून राहिला?"

मी मोठ्याने सांगितलं.

"रडवलं काय?"

मी एका हाताने पंपाची नळी दाबली आणि दुसऱ्या हाताने फोन त्याच्यापाशी धरला. पंप किंचाळला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मी पुरेसा वेळ तो तसाच वाजू दिला, मग फोन कानाला लावला.

"मले नाई आलं आयकू," मॅडम म्हणाल्या.

"वाजला, मॅडम."

 पलीकडून बगीच्यातल्या मोटरीचा आवाज येत होता. पुढचा प्रश्न काय येणार ते मला ठाऊक होतं, आणि उत्तरही मी तयार ठेवलं होतं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "सोड मंग."